हातगुण कुणाचा, दोष कुणाचा?

मागच्या वर्षी फेब्रुवारीत आईची पंचाहत्तरी झाली. माझी लेक पुण्यात नोकरीला आहे. ती येताना आजीसाठी साडी नाही, शाल नाही, एक कुंडी घेऊन आली. कुंडीत वीतभर उंचीचं, राखाडी-हिरव्या बारीक पानांचं झाड आणि त्यावर जांभळ्या फुलांचे तीन तुरे. "आजी, लॅव्हेंडर आहे हे. तुझ्यासारखं दुसरं कोण जगवणार?" असं म्हणून तिनं कुंडी आजीच्या मांडीवर ठेवली. आईनं पान चोळून नाकाशी नेलं आणि म्हणाली, "अगं, हा तर पावडरच्या डब्याचा वास!"

आम्ही सगळ्या हसलो. खरंच, आपल्यापैकी बहुतेकींची लॅव्हेंडरशी ओळख पावडरचा डबा, साबण, उदबत्ती नाहीतर फरशी पुसायच्या फिनाईलवरूनच झालेली असते. प्रत्यक्ष झाड पाहिलेल्या किती असतील? त्यामुळे त्या कुंडीचं आमच्या घरी फारच कौतुक झालं. शेजारच्या काकू खास बघायला आल्या. "काय लावून राहिल्या आजी?" म्हणून गच्चीवर दोन-तीन जणींची रोज हजेरी लागायला लागली.

आता आईबद्दल थोडं सांगते. आमचं माहेर काटोलकडचं, संत्र्याचं. बाबा होते तोवर वावराचं सगळं ते बघायचे, पण घराभोवतीचा बगीचा आईचा. मोगरा, शेवंती, गवती चहा, कढीपत्ता, एका कोपऱ्यात दवणा-मरवा. गावात कुणाचं झाड रुसलं की लोक म्हणत, "हिला दाखवा, हिचा हातगुण चांगला आहे." बाबा गेल्यावर आणि गुडघ्याचं दुखणं वाढल्यावर ती नागपूरला माझ्याकडे राहायला आली. गाव सुटलं, वावर सुटलं, मैत्रिणी सुटल्या. राहिली ती आमची गच्ची आणि तिथल्या पंचवीस-तीस कुंड्या. सकाळी चहा झाला की ती हळूहळू एकेक पायरी चढून वर जायची. तो तास-दीड तास तिचा स्वतःचा होता. तिथे तिला कुणी "आई, तुम्ही बसा हो, आम्ही करतो" असं म्हणत नव्हतं.

दुकानदारानं लेकीला सांगितलं होतं, "भरपूर ऊन आणि रोज पाणी." आईनं ते शब्दशः पाळलं. एप्रिल लागला तशी तिनं कुंडी ग्रीन नेटखाली सरकवली. मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ पाणी. नवतपाच्या दिवसांत तर ती दुपारी चारलाही एकदा वर डोकावून यायची, आमचं कुणाचं न ऐकता. कुलरच्या टाकीत उरलेलं पाणीही वाया जाऊ नये म्हणून कुंड्यांना जायचं, तसं या कुंडीलाही गेलं. आणि काय सांगू, झाड जगलं! पानं थोडी पिवळटली, पण नवतपा पार पडला. आम्ही म्हटलं, जिंकलो.

मग मृगाचा पाऊस आला. सगळ्या गच्चीला जीव आला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात लागोपाठ पाच-सहा दिवस झड लागली. ती थांबली तेव्हा लॅव्हेंडरची खालची पानं काळी पडली होती. आणखी आठ दिवसांत अख्खं झाड वाळलं. भर पावसाळ्यात, ओल्या मातीत उभं राहून वाळलं.

आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी वर गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी विचारलं, "काय गं, गुडघा दुखतोय का?" तर म्हणाली, "गुडघ्याचं काय, तो तर रोजच दुखते. पण काय करू वर जाऊन? माझ्या हातात आता काही राह्यलं नाही."

मैत्रिणींनो, तीनशे रुपयांच्या एका झाडानं पन्नास वर्षांचा आत्मविश्वास घालवला होता. त्या वाक्यानं मला झोप लागेना. म्हणून हा लेख.

मरतं ते उन्हानं नाही

मी आधी ते मेलेलं झाड उपसलं. आमच्या ओळखीत कृषी महाविद्यालयातून निवृत्त झालेले एक सर आहेत. त्यांना फोन केला. ते म्हणाले, "मुळं धुऊन बघा आणि मला सांगा कशी दिसतात." मी नळाखाली मुळं धुतली आणि मुद्दाम आईच्या समोर खुर्चीवर कागद पसरून ठेवली. मुळं तांबूस-काळी, मऊ पडलेली. आईनं एक मूळ दोन बोटांत धरून ओढलं. वरची साल सुटून हातात आली आणि आत नुसता दोरा राहिला. आई एकदम सरळ बसली.

"अगं बाई, हे तर डिंक्याचं मूळ आहे. संत्र्याचं असंच होते."

संत्र्याच्या भागातल्या बायकांना डिंक्या काय ते सांगायला नको. काळ्या जमिनीत पाणी साचलं, बुंध्याशी ओल राहिली की झाडाच्या खोडातून डिंक गळतो, तंतुमुळं सडतात आणि भरलेलं झाड हळूहळू वठतं. फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीचा हा प्रताप. आमच्या नागपुरात अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. तिथले शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं सांगत आले, की संत्र्याला बुंध्याशी पाणी देऊ नका, दुहेरी आळं करा, म्हणजे खोड कोरडं राहील आणि पाणी बाहेरच्या मुळांना मिळेल. खोडाला बोर्डो पेस्ट लावायची ती त्यासाठीच. सरांना मी आईचं म्हणणं सांगितलं तर ते म्हणाले, "आजींनी बरोबर ओळखलं. लॅव्हेंडरला याच जातकुळीची मूळकूज होते. डिंक दिसत नाही एवढंच." आम्ही काही प्रयोगशाळेत तपासणी केली नाही, पण लक्षणं तीच होती.

म्हणजे झाडाला मारलं ते मे महिन्याच्या उन्हानं नाही. उन्हानं ते फक्त थकलं. मारलं ते पाण्यानं आणि अडून राहिलेल्या ओलीनं. थोडं आपल्या मायेनंही.

याचं कारण झाडाच्या माहेरात आहे. लॅव्हेंडर मूळचं भूमध्य समुद्राच्या काठच्या डोंगरांतलं. तिथे पाऊस पडतो हिवाळ्यात, आणि उन्हाळा असतो कोरडा. जमीन खडकाळ, चुनखडीची, पाणी क्षणभर न थांबणारी. पानं बारीक, राखाडी, लवदार असतात ती पाणी कमी उडावं म्हणून. आपल्याकडे बरोबर उलटं. आपला पाऊस उन्हाळ्याच्या पाठीवर येतो, चार महिने पडतो आणि तोही उबदार. आपली काळी माती पावसात फुगते, पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. कापसाला, तुरीला ती माती सोन्यासारखी. लॅव्हेंडरच्या मुळांना मात्र ती गळफास.

आणि नागपूरची हवा तर बोलायलाच नको. मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि २०१८ च्या डिसेंबरात तोच ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. ज्या गावात माणसाला स्वेटर आणि कुलर दोन्ही लागतात, तिथे बाहेरचं झाड आणताना जरा चौकशी करायला नको का?

"लॅव्हेंडर" हे एक नाव नाही

चौकशी करायला लागले तेव्हा कळलं, की नर्सरीत आपण "लॅव्हेंडर द्या" म्हणतो ते "डाळ द्या" म्हणण्यासारखं आहे. तूर का मूग का हरभरा?

पहिलं ते इंग्लिश लॅव्हेंडर. नावाला इंग्लिश, जन्म डोंगरी युरोपातला. तेल सगळ्यांत उत्तम, वास सगळ्यांत गोड. 'मन्स्टेड' आणि 'हिडकोट' या त्याच्या नावाजलेल्या जाती, दोन्हींची नावं इंग्लंडमधल्या बागांवरून पडलेली. पण याला थंडी लागते आणि दमट उकाडा सोसत नाही. बियांच्या पाकिटांवर बहुतेक वेळा हेच असतं. नागपूरला हे ऑक्टोबरात लावून मार्चपर्यंतचा पाहुणा समजलं तरच ठीक. पाहुणा गेला की रडायचं नाही.

दुसरं लॅव्हेंडिन. हे संकरित. सिनेमात, कॅलेंडरवर फ्रान्समधली जांभळी शेतं दिसतात ना, त्यातली बहुतेक याची. वास जरा कापरासारखा. हे झाड वांझ असतं, त्याला रुजणारं बी धरत नाही. रोपं फक्त फांदीपासून होतात. म्हणजे 'ग्रोसो' किंवा 'प्रोव्हान्स' या जातीच्या बिया म्हणून कुणी पाकीट विकत असेल तर ते सरळ ठेवून द्या. तुमचे पैसे वाचले.

तिसरं, तुऱ्याच्या टोकाला सशाच्या कानांसारख्या पाकळ्या असणारं, ते स्पॅनिश लॅव्हेंडर. दिसायला सगळ्यांत लाडकं. पण त्याला चुनखडीची माती चालत नाही, आणि आपल्याकडे तर माती आणि बोअरचं पाणी दोन्हींत क्षार.

चौथं फ्रेंच लॅव्हेंडर. पानांच्या कडा करवतीसारख्या कातरलेल्या असतात, त्यावरून लगेच ओळखू येतं. वास सौम्य, थोडा रोजमेरीसारखा. फुलायला याला कडाक्याची थंडी लागत नाही आणि उकाडाही हे बाकीच्यांपेक्षा जास्त सोसतं. आपल्यासारख्या गावांसाठी निवडायचं तर हे.

पाचवं नेचेच्या पानांसारखी चिरलेली पानं असणारं. उष्ण हवेत सतत फुलत राहतं, पण वास लॅव्हेंडरपेक्षा ओव्याच्या जवळचा आणि आयुष्य थोडं. नुसतं निळं-जांभळं बघायला हवं असेल तर छान.

आता मला सांगा, आपल्या लेकीच्या लग्नासाठी स्थळ बघताना आपण गाव, घर, स्वभाव, सगळं विचारतो. झाडाच्या बाबतीत मात्र फुलाचा फोटो पाहून हो म्हणतो. आमच्या कुंडीवर चिठ्ठी होती ती फक्त "लॅव्हेंडर" एवढीच. कोणतं, कुठल्या हवेतलं, पावसाळ्यात काय करायचं, काही नाही. पुण्याच्या हवेत वाढलेलं रोप नागपूरला जाणार आहे हे विक्रेत्याला लेकीनं सांगितलं होतं. तरी उत्तर तेच, "भरपूर ऊन, रोज पाणी."

माझं स्पष्ट मत आहे, की रोप विकणाऱ्यानं जातीचं नाव आणि लावायचा हंगाम लिहून द्यायलाच हवा. औषधाच्या बाटलीवर लिहिलेलं असतं, साडीवर धुण्याची सूचना असते, मग रोपावर का नको? पण ते आपोआप होणार नाही. आपण विचारायला लागू तेव्हाच होईल. आपण भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालतो, आणि तीनशेच्या रोपाला एक प्रश्न विचारायला लाजतो. "एवढंही माहीत नाही का?" असं तो म्हणेल म्हणून. म्हणू दे.

आईला माहीत होतंच

मला खरी खंत वेगळीच आहे. डिंक्या आईला ठाऊक होता. खोडाशी ओल नको, हे तिला ठाऊक होतं. एवढंच काय, "ताण" तिला ठाऊक होता.

संत्र्याचा आंबिया बहार धरायचा तर डिसेंबर-जानेवारीत बगीच्याचं पाणी तोडतात. पानं मलूल होईपर्यंत झाडाला उपाशी ठेवतात. मग पाणी सोडलं की झाड फुलांनी भरतं. मृग बहारासाठी हाच ताण उन्हाळ्यात देतात. प्रत्येक झाडाला रोज पाणी म्हणजे माया नव्हे, हे काटोल-नरखेडकडच्या शेतकऱ्याच्या बाईला शिकवायची गरज नाही. तिनं बाबांना कितीदा सांगितलं असेल, "अजून चार दिवस थांबा, इतक्यात पाणी नका सोडू."

मग याच बाईनं लॅव्हेंडरला दिवसातून तीनदा पाणी का घातलं? मी तिला विचारलं. ती म्हणाली, "मले वाटलं, इंग्रजी झाड आहे. आपल्याले त्याचं काय समजते? दुकानवाल्यानं सांगितलं तसं केलं."

हे उत्तर मला फार लागलं. वस्तू नवी आली, नाव इंग्रजी आलं, की आपण आपलं सगळं शहाणपण गुंडाळून माळ्यावर टाकतो. बाळाच्या खाण्यात आपण हेच करतो, केसांच्या तेलात हेच करतो, आणि बागेतही हेच. नवीन काही शिकू नये असं मी मुळीच म्हणत नाही. जाती कोणत्या, कुठल्या हवेतल्या, हे मलाही विचारून-वाचूनच कळलं. पण जुनं ज्ञान नव्या वस्तूला लावून बघायला काय हरकत आहे? मूळ ते मूळ. माती ती माती. संत्र्याला जे सडवतं ते लॅव्हेंडरलाही सडवतं.

आणि दुसरं. झाड मेलं की बाईनं स्वतःला दोष द्यायचा, ही कुठली रीत? घरात दूध नासलं, बाळ आजारी पडलं, पाहुण्यांपुढे भाजी खारट झाली, सगळ्याचा हिशेब आपण आपल्या हातावर लिहितो. निदान झाडाच्या बाबतीत तरी आधी माती बघा, पाणी बघा, जात बघा. हाताचा नंबर सगळ्यांत शेवटी लावा.

जांभळी क्रांती आणि आपला बचत गट

टीव्हीवर जम्मूकडची लॅव्हेंडरची शेतं दाखवतात. डोडा जिल्ह्यात भद्रवाह नावाचा भाग आहे. तिथले मक्याचे शेतकरी लॅव्हेंडरकडे वळले. २०१६ पासूनच्या अरोमा मिशनमध्ये त्यांना जम्मूच्या सरकारी संशोधन संस्थेनं रोपं दिली, तेल काढण्याची सोय करून दिली. तिथल्या बायकांच्या हातातही त्यातून पैसा आला. ऐकून आनंद वाटतो. त्यालाच जांभळी क्रांती म्हणतात.

पण आमच्या बचत गटातल्या एकीनं जेव्हा विचारलं, "आपणही अर्धा एकर लावून पाहावं का?" तेव्हा मी तिला हात जोडले. भद्रवाह पाच हजार फुटांच्या वर आहे, तिथे बर्फ पडतं. आपण हजार फुटांवर, काळ्या मातीत. कुंडीत हौस वेगळी, शेतात पोटाचा प्रश्न वेगळा. कुणी रोपं विकायला आलं आणि माल परत घेण्याची हमी द्यायला लागलं, तर आधी आपल्या कृषी विद्यापीठात किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारून या.

वासाचंच पीक हवं तर आपल्या मातीचं काय कमी आहे? मेळघाट-निमाडकडच्या रानातलं रोशा गवत बघा, गुलाबासारख्या वासाचं तेल देतं. वाळा आहे, ज्याचे ताटवे कुलरला लावून आपण अख्खा उन्हाळा काढतो. गवती चहा आहे, तुळस आहे.

आणि एक गंमत सांगते. लॅव्हेंडर परदेशीच असतं, हेही खरं नाही. आपल्या महाराष्ट्रात लॅव्हेंडरच्या दोन रानजाती आहेत. त्यातल्या एकीला गिब्सन यांचं नाव आहे. हे डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचे अधीक्षक होते. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची यादी जॉन ग्रॅहॅम यांनी १८३९ साली छापली, तीत हे नाव आलं. ही जात सह्याद्रीकडची. दुसरी जात दख्खनच्या माळांवर, डोंगरउतारांवर पाऊस सरल्यावर फुलते. चिरलेली पानं, उंच दांडीवर फिकट निळसर फुलं. वास फारसा नाही, म्हणून तिचं कुणी कौतुकही करत नाही. सहलीला गेलात आणि दिसली तर उपटू नका बरं का. नुसती बघा आणि मुलांना दाखवा. म्हणावं, हीसुद्धा त्याच घरची, फक्त पावडरच्या डब्यावर हिचा फोटो नाही.

लावायचंच असेल तर

एवढं वाचूनही लॅव्हेंडर हवंच असेल, तर जरूर लावा. हौसेला मोल नसतं. फक्त असं करा.

रोप ऑक्टोबर-नोव्हेंबरात घ्या. जून-जुलैत अजिबात नाही. कातर कडांच्या पानांचं फ्रेंच लॅव्हेंडर मागा. फुलं किती आहेत ते बघू नका, खोड बुडाशी घट्ट आणि स्वच्छ आहे का ते बघा.

कुंडी मातीची घ्या, दहा-बारा इंची. प्लास्टिकची नको. खाली भोकं मोठी हवीत आणि खाली ताटली ठेवायची नाही. एक भाग माती, एक भाग जाड वाळू, एक भाग चाळून धूळ काढलेला मुरूम किंवा विटेचे बारीक तुकडे. शेणखत मूठभर, तेही चांगलं कुजलेलं. खत जास्त झालं तर पानं माजतात आणि फुलं येत नाहीत.

वरच्या मातीत बोट घालून बघा. बोटाचं पहिलं पेर कोरडं लागलं तरच पाणी. हिवाळ्यात आठवड्यातून दोनदाही पुरतं. पाणी बुंध्यावर न ओतता कडेनं द्या. कुलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी देऊ नका. पाणी उडून जातं आणि क्षार टाकीत उरतात, तेच कुंडीत जातात.

हिवाळ्यात दिवसभर ऊन. मार्च संपला की फक्त सकाळचं, दुपारी ग्रीन नेट. पावसाळ्यात कुंडी छज्जाखाली, जिथे वारा लागेल पण धार लागणार नाही अशा ठिकाणी. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवू नका, आणि मातीवर पाचोळ्याऐवजी बारीक खडी पसरा.

फुलं ओसरली की वरचा एक तृतीयांश भाग छाटा. खालच्या जुन्या लाकडाला कात्री लावू नका, तिथून फूट येत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, थंडी सुरू झाली की फुलं नसलेल्या फांदीची तीन-चार इंचांची दोन-तीन टोकं कापून, खालची पानं काढून, ओलसर वाळूत खोचून ठेवा. महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. मूळ झाड गेलं तरी घरात पुढची पिढी असते. आपल्या आज्या तुळशीचं रोप नेहमी बाजूला धरून ठेवायच्या, तसंच.

मागच्या ऑक्टोबरात मी आईला घेऊन सेमिनरी हिल्सकडे गेले. दोन-तीन नर्सऱ्या पालथ्या घातल्या. आईनं काठी टेकत एकेक रोप पाहिलं, पानांच्या कडा बोटानं चाचपल्या आणि विक्रेत्याला विचारलं, "हे पावसात टिकते का? माती कायची आहे याच्यात?" तो गडबडला. कुणी विचारलंच नसेल त्याला आजवर. आम्ही एकच रोप घेतलं. हिवाळ्यात आईनं त्याच्या पाच फांद्या वाळूत लावल्या, तीन धरल्या.

यंदाच्या जुलैत त्यातलं एक गेलं. मी धास्तावले. आईनं ते उपटलं, मुळाची साल दोन बोटांनी ओढून बघितली आणि म्हणाली, "याच्या कुंडीचं भोक बुजलं होतं. पाहून घ्याले पाहिजे होतं." मग कुंडी उलटी करून तिनं भोक मोकळं केलं आणि तीच कुंडी पुन्हा भरायला घेतली.

बाकीची दोन गच्चीवर आहेत. एका झाडाला गेल्या आठवड्यात पहिला तुरा आला. शेजारच्या काकूंनी फांदी मागितली आहे. आईनं त्यांना सांगितलं, "देते नं, पण दिवाळीनंतर. आणि रोज पाणी घालाल तर नाही देणार."